लॅब किती वाजता असते, ते आधी विचारा

काका, तुमच्या मुलीला अमेरिकेतलं डिव्हिजन टूचं, म्हणजे कॉलेज-खेळांच्या दुसऱ्या स्तरावरचं, एक कॉलेज टेनिससाठी अर्धी शिष्यवृत्ती देतंय, तर पाठवावं का, असं तुम्ही विचारलंत. मी नाशिकहून अशीच आले, चार वर्षं खेळले, आता इथेच नोकरी करते. व्हिसा, टोफेल वगैरे तुम्हाला कुठेही कळेल, ते सोडते.

नववीची गुणपत्रिका मात्र आजच शोधा. एनसीएए म्हणजे तिथल्या कॉलेज-खेळांची संघटना; तिच्या पात्रता केंद्राला नववीपासूनचे निकाल लागतात. दहावी-बारावीचे आपण जपतो, नववीचा कोण जपतं? माझ्या शाळेत बाबांनी ऐन मे महिन्यात पाच खेपा घातल्या. कधी क्लार्क रजेवर, कधी शिक्का कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. उन्हातून स्कूटरवर घरी यायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "होईल गं." त्या शाळेचा राग अजून गेलेला नाही.

नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही. पण सामन्याचा अख्खा दिवस त्यात तीनच तास धरतात आणि प्रवास धरतच नाहीत. सात तास बसमध्ये काढून रात्री दोनला खोलीवर यायचं आणि सकाळी आठला वर्गात बसायचं, हे त्या 20 तासांत कुठेच दिसत नाही.

मला बायॉलॉजी करायचं होतं. लॅब दुपारी, सरावही दुपारी. कोच गोड बोलून म्हणाले, दुसरा विषय बघ. मी बिझनेस घेतलं. आता चांगला पगार आहे, पण आजही कुणाच्या अंगावर पांढरा कोट दिसला की पोटात कालवतं.

एकटेपणाची काळजी करू नका, टीममध्ये सतत माणसं असतात. आणि फायदा खोटा नाही: माझी शिष्यवृत्ती जवळपास पूर्ण होती, कर्ज न काढता पदवी झाली. फक्त तुमच्या 'अर्ध्या'त काय काय येतं ते लेखी घ्या. फीच्या रकमेवर कर नसतो, राहण्या-जेवणाच्या रकमेवर लागतो.

आपला टेनिसपटू सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळून 2007 आणि 2008 मध्ये एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद जिंकला. बाबांनी ते कात्रण माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं होतं. आमच्या घरी 'जायचं का' असं कुणी विचारलंच नाही, 'कधी' एवढंच ठरायचं होतं. तुम्ही मुलीला विचारा, रॅकेट बाजूला ठेवली तरी याच कॉलेजात जाशील का? आणि तिच्या विषयाची लॅब किती वाजता असते, हे कोचकडून नाही, टीममधल्याच एखाद्या मुलीकडून काढून घ्या.

तिसऱ्या वर्षी माझं उजवं मनगट गेलं. शिष्यवृत्तीचं पत्र दर उन्हाळ्यात नव्याने यायचं, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. सामन्याआधी बाथरूमची कडी लावून पट्टी गुंडाळायची, वर रिस्टबँड चढवायचा. आज तिसऱ्या पोळीलाच लाटणं खाली ठेवावं लागतं. बाबांना वाटतं, मला इथे येऊन पोळ्यांचा कंटाळा आलाय. त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.