‘विकर’ की ‘विकार’, आणि ‘सिंथेज’चे काय करावे?

साताऱ्याच्या एका विद्यार्थिनीने सदाफुलीवरच्या टिपणात ‘स्ट्रिक्टोसिडीन सिंथेज या विकरामुळे’ (विकर म्हणजे एंझाइम) असे लिहिले होते. तपासणाऱ्याने ‘विकर’ खोडून ‘विकार’ केले. यांतील बरोबर कोणते आणि ‘सिंथेज’ऐवजी ‘संश्लेषक’, म्हणजे जोडून बनवणारे, असे लिहावे का, असे तिने विचारले आहे.

‘विकर’च बरोबर. मात्र दुरुस्ती करणाराही अगदीच परका शब्द घेऊन आला नाही, कारण दोन्हींच्या मुळाशी ‘वि’ उपसर्ग व ‘कृ’ धातूच आहे. आज ‘हृदयविकारा’मुळे आपल्या कानाला विकार म्हणजे दुखणे वाटत असले, तरी शास्त्रग्रंथांत दही हा दुधाचा विकार, म्हणजे रूपांतर, होता. असे रूपांतर जे घडवून आणते ते विकर, जसे हित करते ते हितकर. मूळ ‘एंझाइम’ शब्दाचा ग्रीक अर्थ ‘यीस्टमध्ये असलेले’ असा असल्याने एखाद्याला विरजण आठवेल, पण विरजणात जिवंत जिवाणू असतात आणि विकर हा निव्वळ एक रेणू, बहुधा प्रथिनाचा, असतो. शालेय पाठ्यपुस्तकांत ‘विकर’ रूढ आहे, तर आपल्या वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाने ‘एंझाइम’ ठेवले. दोन्ही चालतील; एकाच टिपणात दोन्ही नकोत.

‘संश्लेषक’ मात्र मी नावात घालणार नाही. सदाफुलीत हे विकर ट्रिप्टामीन आणि सेकोलोगॅनीन या दोन रेणूंचा सांधा जुळवून स्ट्रिक्टोसिडीन तयार करते, ज्यापासून पुढे अनेक टप्प्यांनी व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावर वापरली जाणारी अल्कलॉइडे (वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त, बहुधा अल्कधर्मी द्रव्ये) बनतात. सर्पगंधेतील रेसर्पीन या रक्तदाबावरच्या औषधी द्रव्याची वाटही स्ट्रिक्टोसिडिनावरूनच जाते. हा सांधा जुळवताना एटीपीची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची, ऊर्जा खर्च होत नाही. जुन्या संकेतानुसार एटीपी वापरणारे ते ‘सिंथेटेज’ आणि न वापरणारे ते ‘सिंथेज’ असा भेद होता. पुढे आंतरराष्ट्रीय नामकरणाने तो सैल केला आणि एटीपी वापरणाऱ्यालाही सिंथेज म्हणण्यास मुभा दिली. तरी दोन्ही नावे आजही वापरात आहेत, आणि ‘संश्लेषक’ म्हटले की कोणते अभिप्रेत आहे हे वाचकाला कळत नाही. गंमत अशी की, जोडण्याचे काम करणारे हे विकर अधिकृत वर्गीकरणात चौथ्या वर्गात, म्हणजे रेणू तोडणाऱ्या लायेजांमध्ये बसवले आहे, कारण तिथे उलट दिशेची अभिक्रिया लक्षात घेतली जाते. अशा नावाचा शब्दशः अनुवाद केला, तर तो वर्गीकरणाशी भांडत बसेल.

‘अल्कलॉइड’बद्दल प्रश्न नव्हता, पण त्याच मुळाचा ‘अल्कधर्मी’ हा शब्द संस्कृत वाटला तरी त्यातला ‘अल्क’ अरबी ‘अल्-किली’वरून, म्हणजे वनस्पतींच्या क्षारयुक्त राखेच्या नावावरून आलेला आहे, एवढे जाता जाता सांगतो.

तेव्हा टिपणातले वाक्य असे ठेवावे : ‘सदाफुलीत ट्रिप्टामीन व सेकोलोगॅनीन यांचा संयोग स्ट्रिक्टोसिडीन सिंथेज हे विकर घडवून आणते.’