ठाणे स्टेशनजवळच्या दुकानदाराने स्लो लॅपटॉपसाठी डीफ्रॅगचं (डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे एकत्र लावण्याचं) सॉफ्टवेअर विकत घ्यायला सांगितलंय. घ्यावं का?

घेऊ नका. विंडोज १० आणि ११ मध्ये हे साधन आधीपासून आहे. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅग’ टाइप करून ऑप्टिमाइझ ड्राइव्हज उघडा आणि ‘मीडिया टाइप’चा रकाना बघा.

तिथे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ (एसएसडी) असेल तर डीफ्रॅगचा विषयच संपला. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे फाइलचे तुकडे विखुरले तरी जाणवण्याइतका फरक पडत नाही. उलट ते हलवताना विनाकारण लिखाण होतं आणि फ्लॅश मेमरी (डेटा साठवणाऱ्या चिप) झिजते. विंडोज अशा ड्राइव्हला मुख्यतः ट्रिम पाठवतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं कळवतं. तेवढं पुरे.

‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ असेल तर डीफ्रॅगचा उपयोग आजही होतो. ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्यांची) तबकडी एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद घेते. त्यात फाइलचे शेकडो तुकडे असले की ते वाचणारं हेड नुसतं धावत राहतं. पण आठवड्याचं शेड्यूल चालू असेल तर हे काम आपोआप होतं. बंद दिसलं तर ‘चेंज सेटिंग्ज’मधून चालू करा, १५ टक्के जागा मोकळी ठेवा, चार्जर लावा.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र डीफ्रॅग अजिबात नको, आधी बॅकअप घ्या! मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्तास लिखाण म्हणजे फोटो गमावण्याची तयारी.

हार्ड डिस्क असेल तर सॉफ्टवेअरचे पैसे २.५ इंची साटा (जोडणीचा एक प्रकार) एसएसडीत घाला. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये ती हार्ड डिस्कच्याच जागी बसते.