जर्मन, फारसी आणि इंग्रजी साहित्य एकत्र शिकणं झेपतं का?

झेपतं, पण तिन्ही सारख्याच जोरात नाही. तुम्ही विचारलंय की बारावीनंतर तिन्ही एकदम सुरू करू का, की हा नुसता नाद आहे. नाद आहेच हो, त्यात लाजायचं काय. मी दिल्लीत जेएनयूला जर्मनमध्ये बीए ऑनर्स केलं, फारसी ऑप्शनल घेतली आणि इंग्रजी साहित्याचे कोर्स जमतील तसे मध्ये घुसवले. आता तिथली अ‍ॅडमिशन सीयूईटी या प्रवेश परीक्षेवर होते. एक भाषा मेन धरा, दुसरी नेटाने, तिसरी वाचण्यापुरती, नाहीतर तिन्हींची खिचडी होते.

माझं मत विचाराल तर हे तीन वेगळे विषय समजूच नका, कारण एकोणिसाव्या शतकात ते एकमेकांत पार गुंतलेत. हामर-पुर्गश्टाल नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने फारसी कवी हाफिजचा अख्खा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, जर्मनमध्ये आणला, तो १८१४ साली जर्मन कवी ग्योथेच्या हातात पडला आणि साठी उलटलेल्या या गृहस्थाला असं काही वेड लागलं की त्यातून १८१९ मध्ये 'वेस्ट-ओस्टलिशर दीवान' आलं, बारा भागांचं, आणि भागांना नावं 'हाफिज नामे', 'झुलायका नामे' अशी. गंमत म्हणजे त्या झुलायकाच्या, म्हणजे त्यातल्या प्रेयसीच्या तोंडच्या काही कविता ग्योथेच्या नाहीतच, मारियाने फॉन विलेमर या बाईंच्या आहेत, आणि हे लोकांना कळलं १८६९ ला, दोघंही गेल्यावर! आमच्या क्लासमध्ये यावर तासभर भांडण झालं होतं, चोरी म्हणायची की प्रेम.

इंग्रजीची बाजू म्हणजे फिट्झजेराल्ड, फारसी कवी उमर खय्यामच्या रुबाया, म्हणजे चार ओळींच्या कविता, इंग्रजीत आणणारा. १८५९ ची पहिली आवृत्ती, फक्त ७५ रुबाया, आधी कोणी विकत घेईना. खय्यामच्या रुबाया मुळात सुट्या सुट्या, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही, तर याने त्या पहाटेपासून चंद्र उगवेपर्यंत अशा एका दिवसात ओवल्या. मूळ फारसी शेजारी ठेवून वाचलं की कुठे काय जोडलंय, कुठे दोन रुबाया एकत्र शिवल्यात ते दिसायला लागतं, आणि ही मजा फक्त इंग्रजी शिकून मिळत नाही.

आपल्याकडे हे माधव जूलियन करून बसलेत. स्वतः फारसीचे प्राध्यापक, १९२५ चा फार्शी-मराठी कोश त्यांचा, १९२९ ला खय्याम थेट फारसीतून मराठीत आणला आणि १९३१ ला 'द्राक्षकन्या' फिट्झजेराल्डवरून. दोन्ही लायब्ररीतून काढा, समोरासमोर ठेवून वाचा, मग ठरवा हा अभ्यास आपला आहे का ते.

अभ्यासाचं म्हणाल तर फारसीला घाबरू नका. लिपीला काही आठवडे लागतात, पण क्रियापद मराठीसारखं शेवटी आणि लिंगाची कटकटच नाही. डोकं खातं ते जर्मन. त्यामुळे मेन जर्मनच धरा, पोटापाण्याचंही तीच बघते, पुण्या-मुंबईत क्लास, ट्रान्सलेशन, कंपन्या काही ना काही मिळतं. फारसीवर इकडे नोकरी अवघडच, पण आदिलशाही-मुघल काळाच्या इतिहासात शिरायचं असेल तर वेगळी गोष्ट, तिथे फारसी कागद वाचणारी माणसं कमी आहेत.