कॅलिफोर्नियात छोटा गांजा उत्पादक स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो का?

नाही, नुसत्या लागवडीच्या लायसन्सवर एक पुडीसुद्धा विकता येत नाही. १ जानेवारी २०१८ पासून दुकानातली विक्री कायदेशीर झाली खरी, पण माल शेतातून लायसन्सवाल्या डिस्ट्रिब्युटरकडे जातो, तिथून सॅम्पल लॅबला, पास झालं तरच दुकानात, थोडक्यात आपल्या मार्केट यार्डातल्या अडत्यासारखा प्रकार. छोट्यांसाठी मायक्रोबिझनेस लायसन्स बघा, कॅनाबिस कंट्रोल खात्याच्या नियमांत आहे: लागवड १०,००० चौरस फुटांच्या आत, आणि लागवड, प्रक्रिया, डिस्ट्रिब्युशन, रिटेल यातली निदान तीन कामं स्वतः करायची (कागदपत्रांचा व्याप डोकं खातो). मात्र तुमच्या काउंटीत किंवा शहरात रिटेलला बंदी असेल तर राज्य परवानगी देतच नाही, म्हणून जमीन घ्यायच्या आधी तिथे विचारून घ्या.