'आम्ही हरलो' की 'आपण हरलो'?

प्रश्न असा आलाय की निवडणुकीत कोणी 'आपला उमेदवार' म्हणतं, कोणी 'आमचा उमेदवार', मग निकालानंतर 'आम्ही हरलो' बरोबर की 'आपण हरलो'?

दोन्ही बरोबर, फक्त समोर कोण आहे ते बघायचं. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी माणसं, ऐकणारा त्यात नाही, 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासकट. म्हणून मत मागताना 'आपला' (तुम्हाला आधीच आत ओढलं, आता नाही कसं म्हणाल!) आणि विरोधकाशी भांडताना 'आमचा'. हिंदीत दोन्हीला 'हम', इंग्रजीत 'वी', त्यांना ही सोय नाही. गुजरातीत अमे-आपणे आहे, तेलुगूत मेमु-मनम्.

हरलेला उमेदवार कार्यकर्त्यांना 'आपण हरलो' म्हणेल, पण तेच टीव्हीवर म्हणाला तर जिंकलेल्या बाजूचा विचारणार, मी कधी हरलो बुवा? तिथे 'आम्ही हरलो'च. खरी गंमत हरलेल्याच्या पुढच्या वाक्यात. २००० साली अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर फ्लोरिडात ५३७ मतांनी मागे राहिले, सुप्रीम कोर्टाचा फेरमोजणीवरचा निकाल ५ विरुद्ध ४ असा विरोधात गेला, तो पटत नाही पण मान्य आहे म्हणाले आणि लोकांची एकी आणि लोकशाही टिकावी म्हणून माघार घेतली. त्यांचं इंग्रजी 'अवर युनिटी' (our unity) मराठीत आणताना 'आमच्या एकीसाठी' लिहिलंत तर ते फक्त त्यांच्या पक्षाचं होईल, 'आपल्या एकीसाठी'च हवं. म्हणजे हरलो 'आम्ही' आणि देश 'आपला', एकाच भाषणात. आणि माझ्या मते हरणाऱ्याचा निवडणुकीवर भरवसा उरलाय का ते इथेच कळतं, कारण 'आम्ही हरलो, त्यांचं सरकार आलं' एवढंच म्हणून जो थांबतो त्याच्यापुढचं वाक्य बहुतेक मतमोजणीवरच्या संशयाचं असतं.

अर्थात 'आपण' नेहमी मोठ्या मनाचंच असतं असं नाही हं. 'आपल्यातलाच आहे, त्यालाच द्या' हे ऐकणाऱ्याला आत घेतं आणि बाकी सगळ्यांना बाहेर ठेवतं. व्याकरण फक्त ऐकणारा आत आहे एवढंच सांगतं, बाहेर कोण राहिलं ते नाही सांगत.

'ज्याने त्याने आपलं मत द्यावं' मधलं 'आपलं' म्हणजे स्वतःचं, ते वेगळं प्रकरण.

आणि कोणी विचारायच्या आत, संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'आम्ही भारताचे लोक' आहे, 'आपण' नाही. मला ते योग्य वाटतं, तिथे बोलणारे सगळेच आहेत, आत घ्यायला वेगळा ऐकणारा उरतच नाही, 'आपण' घातलं असतं तर ठरावाऐवजी भाषण वाटलं असतं.