गुडघे, गोटे आणि प्राग

प्रश्न : मे महिन्यात आम्ही प्रागला जातोय. सोबत सत्तरीची आई आहे. तिचे गुडघे दुखतात, पण हॉटेलात बसून राहायची तिची तयारी नाही. गाइडसोबतची अडीच तासांची ‘फ्री वॉकिंग टूर’ तिला झेपेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : झेपेल, पण फक्त जुन्या शहरातली सपाटीवरची टूर घ्या. किल्ला त्यात नको. मी सासूबाईंना घेऊन किल्ल्यापासून खाली चालत येणारी टूर केली होती. उतारच आहे, त्रास कसला, असा माझा हिशेब. नेरुदोवा गल्लीच्या निम्म्यावर त्या एका पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “चढताना दम लागतो गं, गुडघे उतरतानाच बोलतात.” वर पायाखाली दगडी गोटे. चप्पल नकोच, जाड तळाचे बूट घ्या.

किल्ल्यावर 22 नंबरच्या ट्रामने जा आणि तिनेच मालोस्त्रान्स्के चौकात उतरा. तिकिटावर यंत्रात शिक्का मारायला विसरू नका. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल 1344 साली सुरू झालं आणि पूर्ण झालं 1929 साली, तेव्हा तुम्हीही घाई करू नका. नेरुदोवाच्या खालच्या टोकाला मात्र जरा डोकवा. घरांना नंबर येण्याआधी लोक दारावरच्या चित्रावरून पत्ता सांगत. तीन व्हायोलिनचं घर अजून आहे. आपल्या पुण्यातल्या पत्र्या मारुतीसारखंच.

तिथून चार्ल्स पूल जवळ आहे. सकाळी आठच्या आत गाठलात तर तीसही पुतळे नीट दिसतील. नंतर दिसतात त्या सेल्फीकाठ्या.

गाइड हवा तो पुलापलीकडच्या, जुन्या शहरातल्या चौकासाठी. तिथल्या टाउन हॉलवरचं 1410 सालचं खगोलीय घड्याळ तुम्हाला गाइडशिवायही सापडेल, तासाच्या ठोक्याला गर्दीच दाखवते. (बाहुल्यांचा खेळ मिनिटभरात आटोपतो. सासूबाई : “एवढंच?”) पण त्याच टाउन हॉलच्या पूर्वेला फरशीत पांढरे क्रूस आहेत, त्यांच्यावरून लोक बिनदिक्कत चालत जातात. मीही दोनदा गेले होते. मग गाइडने थांबवलं आणि सगळ्यांना मोजायला लावलं. सत्तावीस. हाब्सबुर्ग राजघराण्याच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या सत्तावीस जणांना 21 जून 1621 रोजी या चौकात मारलं. त्यांतल्या बारा जणांची मुंडकी पुलाच्या बुरुजावर दहा वर्षं टांगून ठेवली होती. म्हणजे आम्ही ज्या बुरुजाखाली आइस्क्रीम खात उभे होतो, तोच. सासूबाईंनी उरलेला कोन माझ्या हातात दिला.

‘फ्री’चं म्हणाल तर तिकीट नसतं, शेवटी खुशीने पैसे द्यायचे असतात आणि गाइडचं पोट त्यावरच असतं. ते कोरुनात द्या. चेक लोकांचं चलन युरो नाही. सुरुवातीलाच गाइडच्या कानावर घाला की आई सोबत आहे, मध्ये कुठे बसता येईल? आमच्या गाइडने पुढचे दोन थांबे बाकांजवळ घेतले.