बेल वाजली की नको वाटतं

प्रश्न: ताई, नऊ वर्षं झाली मला मेडिकल वॉर्डात. हल्ली नाइटला आम्ही दोघीच असतो आणि पेशंट तीस, त्यात एखादा सिरीयस झाला की एक जण तिथेच अडकते, बाकी सगळं दुसरीच्या गळ्यात. परवा एका आजींनी तिसऱ्यांदा बेल वाजवली तर मी खेकसलेच त्यांच्यावर, नुसतं पाणी हवं होतं हो त्यांना! घरी येऊन झोप लागली नाही. माझी आवडच संपली का? सोडून देऊ का नोकरी?

उत्तर: अगं, आवड संपलेली बाई आजींसाठी झोप घालवत नसते. तुझ्या वाट्याला पंधरा पेशंट येतात, हा घोळ आहे. कॅलिफोर्नियात यासाठी १९९९ मध्ये कायदा झाला आणि २००४ पासून लागू झाला, तिथे आता मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्सकडे जास्तीत जास्त पाच पेशंट आणि आयसीयूत दोन. अमेरिकेतल्याच पेनसिल्वेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलांचा एक अभ्यास २००२ मध्ये आला, नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या टीमचा. त्यात एका नर्समागे एक पेशंट वाढला की नर्स पार पिळून निघण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली, कामावर नाराज असण्याची १५ टक्क्यांनी, आणि ऑपरेशनच्या पेशंटचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची ७ टक्क्यांनी. एकाच पेशंटने एवढा फरक, मग तुझं गणित तूच कर.

खेकसणं मात्र हलक्यात घेऊ नकोस. बर्नआउटमध्ये, म्हणजे कामाने असं पिळून निघण्यात, आधी माणूस आतून आटतो, मग पेशंट नुसता बेड नंबर वाटायला लागतो (ड्युटी बदलताना पेशंट सोपवायला 'बारा नंबर' आपण सगळ्याच म्हणतो, ते सोड). तू अजून 'आजी' म्हणतेयस, म्हणजे वेळ गेलेली नाही.

आता एक कर. तोंडी कुरकुर हवेत जाते, म्हणून रोज ड्युटी संपताना लिहून ठेव, पेशंट किती, स्टाफ किती, कुठलं औषध किती उशिरा दिलं गेलं, बस, 'फार हाल झाले' वगैरे अजिबात नको. महिनाभराचं घेऊन मॅट्रनकडे जा, एकटी नाही, दोघी-तिघी मिळून. सलग नाइट कमी करून माग. राजीनाम्याआधी वॉर्ड बदलून बघ, कधीकधी तेवढ्यानेही माणूस सावरतो. आणि झोप अशीच उडालेली राहिली तर डॉक्टरला दाखव, आपण नर्सा दुसऱ्यांना सांगतो आणि स्वतः जात नाही.

प्रश्न: मी इन्चार्ज सिस्टर आहे. स्टाफला मोटिव्हेट करायला 'महिन्याची बेस्ट नर्स' सुरू केलं, फोटो लावतो, तरी राजीनामे येतातच. काय चुकतंय?

उत्तर: फोटोत चूक नाही हो, क्रम चुकलाय. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलंय की कौतुक, जबाबदारी यातून उमेद येते, पण पगार, कामाची परिस्थिती, वरिष्ठांचं वागणं बिघडलं की नाराजी होते, आणि ती नाराजी कौतुकाने भरून निघत नाही. (त्याने विचारलं होतं इंजिनिअर आणि अकाउंटंटना, नाइट करणाऱ्या बायकांना विचारलं असतं तर दोन शब्द जास्तच ऐकले असते.) तुम्ही रोस्टर पंधरा दिवस आधी लावता का? सुट्टीच्या दिवशी फोन करून बोलावता का? डॉक्टर किंवा नातेवाईक ओरडले तर मुलीच्या बाजूने उभ्या राहता का? आधी तेवढं करा, फोटो नंतर लावा.